बॉटल केज आणि गुरुत्वमध्याचे भूत

सायकलच्या फ्रेमवर बॉटल केजच्या दोन जागा ठरलेल्या असतात. एक, हँडलखालून क्रँककडे तिरपी उतरणारी डाउनट्यूब. दुसरी, सीटखालची उभी सीटट्यूब. दोन्हींच्या आतल्या बाजूला आटे पाडलेली दोन-दोन भोके असतात. भोकांमधले अंतर 64 मिलिमीटर आणि बोल्ट 5 मिलिमीटरचा, हे माप जगभर जवळपास सारखेच आहे. म्हणून नाशिकच्या दुकानात घेतलेला केज परदेशी फ्रेमवरही बसतो. चार मिलिमीटरची ॲलन की हाताशी असली की काम पाच मिनिटांचे. वाद मात्र तासभर चालतो.

वादाचे मूळ एकाच समजात आहे: बाटली जितकी खाली, तितकी सायकल स्थिर. कसारा घाट किंवा सापुताऱ्याचा उतार यांचा विषय निघाला की हा सल्ला हमखास मिळतो. त्यात ‘गुरुत्वमध्य’ हा शब्द आला की पुढे कोणी हिशेब मागत नाही. हिशेब असा. स्वार 70 किलो, सायकल 10 किलो, पाऊण लिटरची भरलेली बाटली साधारण 800 ग्रॅम. केज 5 सेंटीमीटर खाली सरकवला तर एकूण गुरुत्वमध्य खाली येतो अर्धा मिलिमीटर. नखाच्या जाडीएवढा! उतारावर स्वाराने कोपरे वाकवून छाती हँडलकडे झुकवली तर तोच गुरुत्वमध्य काही सेंटीमीटर खाली जातो. शिवाय घाट चढेपर्यंत बाटली निम्मी रिकामी झालेली असते, म्हणजे अर्धा मिलिमीटरही उरत नाही.

त्याहून मोठी गफलत मूळ कल्पनेतच आहे. गुरुत्वमध्य खाली असला की स्थैर्य वाढते, हे चार चाकांवर उभ्या असलेल्या वाहनाला लागू पडते. एसटीच्या टपावर जड सामान लादले की ती वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो, हे खरेच. सायकल मात्र दोन चाकांवर उभीच राहू शकत नाही. ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवून, चाके वजनाच्या खाली आणत तोल सावरला जातो. अशा वस्तूचा गुरुत्वमध्य उंच असला की ती हळू कलते आणि सावरायला वेळ मिळतो. तळहातावर लांब काठी तोलता येते, पेन्सिल तोलता येत नाही, त्यामागचे कारण हेच. जमिनीलगत आडवे रेलून चालवायच्या सायकली कमी वेगात सांभाळायला अवघड जातात, त्याही यामुळेच. तेव्हा बाटली खाली नेऊन काही फरक पडलाच, तर तो अपेक्षेच्या उलट दिशेने पडेल. सुदैवाने तो कोणाला जाणवण्याइतका नसतो.

एवढ्यावर थांबते तर ठीक होते. पण या अर्ध्या मिलिमीटरपायी फ्रेमला ड्रिलने नवी भोके पाडून घेणारेही आहेत. हलक्या फ्रेमच्या नळ्या दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. मधला पत्रा काही वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. तिथे पाडलेल्या भोकाच्या कडेवर ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होऊ शकतो. वॉरंटी तर ड्रिल टेकल्या क्षणी संपते. कार्बन फ्रेमबाबत हा विचारही करू नये.

केजची जागा प्रत्यक्षात ठरते ती हाताने आणि मोकळ्या अंतराने. बाटलीच्या अंगावर एक खाच असते आणि केजची जीभ तिच्यात अडकते. बाटली सुटायला आधी नळीच्या दिशेने वर सरकावी लागते. उंचीने कमी असलेल्यांच्या लहान फ्रेमवर सीटट्यूबवरच्या बाटलीचे तोंड इथेच वरच्या दांडीला आपटते. उपाय ड्रिल नव्हे. बाजूने बाटली काढता येणारा केज, अर्ध्या लिटरची बाटली किंवा मूळच्याच भोकांवर बसणारी लांब पट्टी, यांपैकी काहीतरी चालते. बऱ्याच केजना लांबट खाच असल्याने थोडे वरखाली तसेही करता येते. बोल्ट आवळण्याआधी दोन्ही बाटल्या घालून त्या एकमेकींना घासत नाहीत ना, आणि पुढच्या डिरेलरच्या पट्ट्याला केज टेकत नाही ना, हे पाहिले की झाले.

हँडलवरचा केज ही नवी युक्ती नाही. 1930च्या दशकातले युरोपातले शर्यतपटू तिथेच बाटल्या ठेवत. पण तिथले वजन हँडलबरोबर फिरते आणि ते हाताला जाणवते. सीटमागची बाटली खड्ड्यात उडते. स्पर्धेपुरते बोलायचे तर आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांत (कलम 1.3.024 बिस) बाटल्यांना डाउनट्यूब आणि सीटट्यूबची आतली बाजू एवढीच परवानगी आहे, आणि बाटली 400 ते 800 मिलिलिटरची हवी.

‘मोठे सायकलपटू एकाच बाटलीवर जातात’ हा दाखलाही फसवा आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली जोडीने पूर्ण केलेल्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’सारख्या शर्यतीत मदतनीसांची गाडी सोबत असते आणि पाणी तिथून मिळते. बीआरएम या ठरावीक मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांमध्ये बाहेरची मदत फक्त नियंत्रण ठिकाणांवर घेता येते. 200 किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. तिथे दोन केज ही चैन नव्हे.

उरलेले समज थोडक्यात. बोल्ट जितका घट्ट तितका चांगला, हे चूक. 3 न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर पुरतो, त्याहून जास्त दिला तर नळीत बसवलेली आट्याची चकती गरगर फिरू लागते. डाउनट्यूबच्या खालची तिसरी जागा पाण्यासाठी असते, हेही अर्धसत्य. पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्यावरचा सगळा चिखल पुढच्या चाकावरून तिथेच उडतो, म्हणून ती हत्यारांच्या डब्याला द्यावी. केज लावायचा नसेल तर बोल्ट काढून ठेवले तरी चालतात, असेही नाही; उघड्या भोकांतून पावसाचे पाणी फ्रेममध्ये उतरते आणि लोखंडी नळी आतून गंजते.