भरकटणारी जॉयस्टिक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हातात धरून खेळायच्या कन्सोलची जॉयस्टिक झिजली की पडद्यावरचे पात्र बोट न लावताही एका बाजूला चालू लागते. याला ड्रिफ्ट म्हणतात. जॉयस्टिकच्या पोटात बहुधा दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या हालचालीसाठी. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागेही हाच भाग असतो: कार्बनच्या पातळ पट्टीवरून धातूची बारीक बोटे घासत सरकतात आणि त्यांच्या जागेनुसार व्होल्टेज बदलते. रेडिओ जुना झाला की बटण फिरवताना खरखर येते. ड्रिफ्ट म्हणजे तीच खरखर. ती कानाऐवजी पडद्यावर उमटते.

‘आत धूळ गेली’ हा सर्वांत पक्का समज. गोंदिया जिल्ह्यात तो लगेच पटतोही. दिवाळीच्या आगेमागे धानाची मळणी निघते, राईस मिलच्या आसपास तुसाची भुकटी कपाटावर बसते, आणि तुसात वाळूतलीच सिलिका असते. अशी भुकटी आत शिरली तर घासणारच. पण बंद खोलीत जपलेले कन्सोलही भरकटते. ब्रिटनमधल्या ‘विच?’ या ग्राहक संस्थेने 2022 मध्ये निन्टेन्डो स्विच कन्सोलचे बिघडलेले जॉय-कॉन कंट्रोलर प्रयोगशाळेत उघडून पाहिले, तेव्हा काही महिन्यांतच झिजलेल्या पट्ट्या आणि धूळ दोन्ही सापडले. त्याआधी ऑक्टोबर 2021 मध्ये निन्टेन्डोच्या अभियंत्यांनीही ही झीज गाडीच्या टायरसारखी अटळ असल्याचे सांगितले होते. फरक एवढाच की धूळ पुसली की जाते, घासून गेलेला कार्बन परत येत नाही. साफ केल्यावर चार दिवसांत ड्रिफ्ट पुन्हा आला, तर पट्टी झिजली असे समजावे.

साफ कशाने करावे, याबाबत तर गोंधळच आहे. शिलाई मशीनचे तेल किंवा गंजलेल्या नटांवर मारायचा स्प्रे सोडला की स्टिक काही काळ सुरळीत चालते. मग तेलाच्या थरावर धूळ चिकटते आणि आतला चिखल आधीपेक्षा वाईट होतो. थिनर प्लास्टिक खातो. हँड सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असले तरी पाणी आणि ग्लिसरीनही असते, आणि ग्लिसरीन चिकट. लागते ते 99 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीवाले त्याला नुसते ‘आयपीए’ म्हणतात. कन्सोल बंद करून स्टिकच्या रबरी झालरीखाली त्याचे एक-दोन थेंब सोडावेत, स्टिक गोल फिरवावी आणि पूर्ण वाळू द्यावे. पावसाळ्याच्या दमट दिवसांत घाई करू नये. द्रव ज्वालाग्राही आहे, म्हणून चूल, गॅस, उदबत्ती लांबच बरी.

मंडईत खेळण्यांच्या पालावर मिळणाऱ्या ब्रिक गेमचे दुखणे मात्र वेगळे. त्यात पोटेन्शिओमीटर नसतोच. बटणाखालच्या रबरावर कार्बनची काळी टिकली असते. ती दाबली की सर्किटवरच्या, कंगव्याच्या दातांसारख्या गुंफलेल्या दोन रेषा जोडल्या जातात. टिकली झिजल्यावर तिच्यावर पेन्सिल घासायचा उपाय घरोघरी माहीत आहे. ग्रॅफाइट वीज वाहून नेतो, त्यामुळे बटण चालते हे खरे. पण तो थर लवकर उडतो आणि त्याची पूड त्या दातांमध्ये सांडली तर बटण आपोआप दाबल्यासारखे वागते. टिकाऊ उपाय म्हणजे नवे रबर.

‘स्टिक बदलायची म्हणजे डाक द्यावाच लागतो’ हेही सरसकट खरे नाही. टीव्हीला जोडायच्या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये बहुधा लागतो. स्विचच्या जॉय-कॉनमध्ये स्टिक दोन स्क्रू आणि एका चपट्या केबलवर बसलेली असते. अडचण हाताची असते. बाहेरच्या स्क्रूचे डोके तीन पाकळ्यांचे असते. त्यात दुसरा पेचकस घातला की डोके गुळगुळीत होते आणि काम तिथेच थांबते. केबल नखाएवढ्या खटक्याखाली अडकलेली असते. खटका वर उचलला की ती अलगद निघते, तशीच ओढल्यास फाटते. कन्सोल बंद केले म्हणजे आतली वीज गेली, असेही नाही: बॅटरीची जोडणी आधी काढावी, आणि ती उचलताना धातूचे टोक वापरू नये.

‘हॉल इफेक्ट’ची स्टिक टाकली की कधीच काही बिघडत नाही, असा नवा समज रुजतो आहे. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारी ही स्टिक चुंबकाची जागा ओळखते; कार्बन घासतच नाही, म्हणून झिजेचा ड्रिफ्ट टळतो. स्प्रिंग आणि प्लास्टिक मात्र तिच्यातही झिजतात. जून 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 च्या जॉय-कॉनमध्येही मूळची स्टिक हॉलची नाही. जुन्या जॉय-कॉनसाठी तशा स्टिक इतर कंपन्या बनवतात.

राहता राहिले सेटिंगमधले कॅलिब्रेशन. ते ‘मध्य कुठे’ एवढेच नव्याने ठरवते. पट्टीवरचा खड्डा तसाच राहतो, म्हणून झिजलेल्या स्टिकवर त्याचा उपयोग थोडेच दिवस होतो. नवी स्टिक बसवल्यावर मात्र ते एकदा करावेच, कारण प्रत्येक स्टिकचा मध्य किंचित वेगळा असतो.