सपाट पाण्यावरील कयाक व कॅनू स्पर्धा : वेग, साधन व संधी

आंतरराष्ट्रीय क्रीडाक्षेत्रात ज्या नौकास्पर्धा सपाट पाण्यावर, सरळ रेषेत आणि अल्प अंतरासाठी घेतल्या जातात, त्यांत कयाक व कॅनू या दोन होड्यांच्या शर्यतींना स्वतंत्र स्थान आहे. बाहेरून पाहणाऱ्यास या दोन होड्या एकाच जातीच्या वाटतात. परंतु त्यांची वल्हवण्याची रीत मूलतः भिन्न आहे. कयाकमध्ये वल्हेकरी पाय पुढे पसरून बसतो, दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूस चालवतो आणि पायांनी छोटे सुकाणू फिरवून दिशा राखतो. कॅनूमध्ये तो एक गुडघा टेकून व दुसरा पाय पुढे रोवून राहतो, त्याच्या वल्ह्यास एकच पाते असते, तो एकाच बाजूने वल्हवतो आणि होडीस सुकाणू नसते. एकाच बाजूने जोर दिल्यामुळे वळू पाहणारी होडी प्रत्येक फटक्याच्या अखेरीस वल्हे किंचित बाहेर वळवून सरळ ठेवावी लागते. स्पर्धांच्या नावांतील ‘के’ व ‘सी’ ही अक्षरे अनुक्रमे कयाक व कॅनू यांची असून पुढील आकडा होडीतील वल्हेकऱ्यांची संख्या दर्शवतो.

या क्रीडाप्रकाराचा इतिहास पदकांच्या याद्यांवरून समजत नाही. वाढत गेलेल्या वेगाचा किती भाग खेळाडूच्या शरीराचा, किती होडीचा व किती वल्ह्याचा, आणि शर्यतीत उतरण्याची मुभा कोणास होती, हे दोन प्रश्न सोडवल्याखेरीज एका काळातील खेळाडूची दुसऱ्या काळातील खेळाडूशी केलेली तुलना निरर्थक ठरते. या दोन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

१. उगम व संघटना

कयाक ही उत्तर ध्रुवाजवळील प्रदेशांतील लोकांची शिकारीची होडी. हलक्या सांगाड्यावर कातडे ताणून ती बनवली जाई. कॅनू उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या नदीप्रवासातून आली. यांपैकी कोणतीही होडी शर्यतीसाठी जन्मास आलेली नव्हती. युरोपात या होड्यांचे रूपांतर विरंगुळ्याच्या साधनात घडवून आणण्याचे श्रेय बहुतांशी जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश गृहस्थास जाते. १८६५ साली ‘रॉब रॉय’ नावाच्या लहान होडीतून त्याने युरोपातील नद्यांवर प्रवास केला, त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १८६६ मध्ये इंग्लंडात या होड्यांचा पहिला मंडळ-संघ उभा राहिला.

आंतरराष्ट्रीय संघटना १९२४ साली कोपनहेगन येथे स्थापन झाली व दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये तिची आंतरराष्ट्रीय कॅनू महासंघ या नावाने पुनर्रचना झाली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ केवळ प्रदर्शनार्थ होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यास पूर्ण मान्यता मिळाली आणि १,००० व १०,००० मीटर अंतरांच्या नऊ शर्यती झाल्या. त्या सर्व पुरुषांसाठी होत्या. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९३८ मध्ये स्वीडनमधील वाक्सहोल्म येथे भरली. १०,००० मीटरची शर्यत १९५६ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. त्यानंतर हा खेळ खऱ्या अर्थाने अल्पपल्ल्याचा झाला.

२. पाण्याचा रोध

होडी पुढे जाऊ लागली की पाणी तिला मुख्यतः दोन प्रकारे अडवते. होडीच्या ओल्या पृष्ठभागाशी पाण्याचे घर्षण होते, हा घर्षणरोध. शिवाय पाणी बाजूस सारताना होडी लाटा उत्पन्न करते व त्यांत तिची शक्ती खर्च होते, हा तरंगरोध.

तरंगरोधासंबंधी एक साधे गणित उद्बोधक आहे. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर अवलंबून असतो. ५.२० मीटर लांबीची लाट सेकंदास सुमारे २.८५ मीटर वेगाने जाते. के-१ होडीची कमाल अनुज्ञात लांबी नेमकी ५.२० मीटर आहे. रुंद, बोजड होडी या वेगाजवळ पोहोचली म्हणजे स्वतःच निर्माण केलेल्या लाटेच्या उतारावर अडकल्यासारखी होते आणि पुढील प्रत्येक पावलास अवाजवी शक्ती लागते. अव्वल वल्हेकरी मात्र सेकंदास पाच मीटरच्या आसपास वेग गाठतो. शर्यतीची होडी इतकी अरुंद असते की ती पाणी फारसे बाजूस न सारता चिरत जाते, म्हणून हे शक्य होते. तरंगरोध अशा रीतीने आटोक्यात आला की घर्षणरोधच प्रमुख ठरतो.

रोध हा स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रोध गुणिले वेग म्हणजे लागणारी शक्ती. तेव्हा शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग एक टक्का वाढवावयाचा तर शक्ती सुमारे तीन टक्के वाढवली पाहिजे. उलटपक्षी, वर्षभराच्या सरावाने शक्ती दहा टक्के वाढली तरी वेगात जेमतेम तीन टक्क्यांची भर पडते. या खेळात अंतिम रेषेवरील अंतरे इतकी सूक्ष्म का असतात, याचे उत्तर या घनसंबंधात आहे. दुसऱ्याच्या होडीने उठवलेल्या लाटेचा आधार घेणे या शर्यतींत निषिद्ध आहे व प्रत्येक होडीस नऊ मीटर रुंदीची स्वतंत्र पट्टी आखून दिलेली असते. त्यामागील कारणही हेच. परक्या लाटेवर वाचवलेली थोडीशी शक्ती शर्यतीचा निकाल फिरवू शकते.

३. होडी व वल्हे

के-१ होडीचे वजन १२ किलोग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये असा नियम आहे. म्हणून नव्या पदार्थांनी होडी अमर्याद हलकी करता येत नाही. कार्बन तंतूंचा लाभ मुख्यतः ताठरपणाच्या रूपाने मिळतो. रुंदीचा इतिहास अधिक रोचक आहे. के-१ होडी किमान ५१ सेंटीमीटर रुंद असावी असा पूर्वी दंडक होता. हेतू हा की होड्या सर्वसामान्य वल्हेकऱ्यास पेलतील इतक्या स्थिर राहाव्यात. रचनाकारांनी नियमाचे अक्षर पाळले व आशय टाळला. होडीची कमाल रुंदी त्यांनी बैठकीच्या मागे, पाण्याच्या पातळीच्या वर ठेवली. पाण्यात बुडणारा भाग मात्र निमुळता व गोलाकार केला. वरून पाहता होडीस शंकरपाळ्याचा आकार आला तो यामुळे. अखेर २००० सालच्या ऑलिंपिकनंतर किमान रुंदीची अट रद्द झाली. अशा होडीत नवखा माणूस क्षणभरही स्थिर बसू शकत नाही. होडीने सोडून दिलेली स्थिरता आता खेळाडूला स्वतःच्या तोलाने भरून काढावी लागते.

वल्ह्यातील क्रांती १९८० नंतरच्या दशकात स्वीडनमधून आली. तोवरचे सपाट पाते पाण्यात सरळ मागे ओढले जाई. त्यामुळे पाते स्वतः मागे घसरे आणि शक्तीचा काही भाग केवळ पाणी मागे ढकलण्यात वाया जाई. नव्या पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा वक्र असतो. ते पाण्यात रोवल्यावर होडीपासून बाजूस, बाहेरच्या दिशेने सरकते आणि पंखावर जसे उत्थापक बल निर्माण होते तसे या पात्यावर पुढील दिशेने बल निर्माण होते. पात्याची मागील घसरण कमी होते व तितकीच शक्ती होडीच्या गतीस लाभते. या वल्ह्याने शरीराची हालचालही बदलली. दंडापेक्षा धडाची पिळवण व पायांचा रेटा यांना महत्त्व आले.

या सुधारणांचा एकत्रित परिणाम दोन आकड्यांवरून अजमावता येतो. १९६० साली रोमजवळील अल्बानो सरोवरावर डेन्मार्कच्या एरिक हान्सेनने के-१ ची १,००० मीटर शर्यत ३ मिनिटे ५३ सेकंदांत जिंकली. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये चेक खेळाडू योसेफ दोस्ताल याने तेच अंतर ३ मिनिटे २४.०७ सेकंदांत कापले. म्हणजे सरासरी वेग सेकंदास ४.२९ मीटरवरून ४.९० मीटरवर गेला. ही वाढ सुमारे १४ टक्के आहे. होडी व वल्हे तेच राहिले असते तर घनसंबंधानुसार या वाढीसाठी जवळजवळ ४९ टक्के अधिक शक्ती लागली असती. केवळ सराव, आहार व निवड यांच्या बळावर सर्वोत्तम खेळाडूची शक्ती चौसष्ट वर्षांत दीडपट झाली असे मानणे कठीण आहे. तेव्हा या वाढीचा मोठा वाटा साधनांकडे जातो. वारा व पाण्याचे तापमान यांचाही परिणाम होत असल्याने अशा तुलनेस मर्यादा आहेत. याच कारणास्तव या खेळात ‘विश्वविक्रम’ असा शब्द न वापरता ‘सर्वोत्तम वेळ’ असे म्हणण्याचा प्रघात आहे.

४. खेळाडू व त्यांचा काळ

हे ध्यानात घेतल्यास थोर खेळाडूंचे मोजमाप वेळेने न करता समकालीनांवरील त्यांच्या प्रभुत्वाने करणे अधिक न्याय्य ठरते. स्वीडनचा गेर्ट फ्रेड्रिक्सन (१९१९–२००६) याने १९४८ ते १९६० या चार ऑलिंपिकमध्ये सहा सुवर्ण, एक रौप्य व एक कांस्य पदक मिळवले. १९४८ मध्ये १,००० मीटरची शर्यत त्याने ६.७ सेकंदांच्या अंतराने जिंकली. एरवी शतांश सेकंदांवर निकाल लागणाऱ्या खेळात हे अंतर असामान्य आहे. १९६० मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, के-२ मध्ये स्वेन-ओलोव स्योदेलियस याच्या जोडीने त्याने अखेरचे सुवर्णपदक मिळवले.

कॅनूमध्ये रुमानियाचा इव्हान पात्सायकिन याचे उदाहरण बोलके आहे. डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशातील मिला २३ या गावी, जेथे होडी हेच दळणवळणाचे साधन, तो वाढला. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत त्याचे वल्हे मोडले. त्याने मोडक्या वल्ह्याने अंतर पुरे केले, पुनःसंधीच्या फेरीतून पुढे आला आणि सी-१ चे सुवर्णपदक जिंकले. १९६८ ते १९८४ या काळात त्याने चार सुवर्ण व तीन रौप्य पदके मिळवली.

जर्मनीची बिर्गिट फिशर हिने १९८० मध्ये अठराव्या वर्षी पहिले व २००४ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी आठवे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले; त्यांखेरीज चार रौप्यपदके तिच्या नावे आहेत. पूर्व जर्मनीच्या बहिष्कारामुळे १९८४ च्या ऑलिंपिकला ती मुकली, हे लक्षात घेता ही संख्या अधिकच नजरेत भरते. न्यूझीलंडची लिसा कॅरिंग्टन हिने २०१२ ते २०२४ या काळात आठ सुवर्णपदके व एक कांस्यपदक मिळवले.

५. संधीचा प्रश्न

येथे दुसरा प्रश्न उपस्थित होतो. १९४८ साली स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये प्रथम प्रवेश मिळाला तेव्हा त्यांच्यासाठी के-१ ५०० मीटर ही एकच शर्यत होती. ती डेन्मार्कच्या कारेन हॉफने जिंकली. तिच्या अंगी कॅरिंग्टनइतके सामर्थ्य असते तरी त्या वर्षी तिला एकाहून अधिक सुवर्णपदक मिळणे अशक्य होते. पदकसंख्या ही सामर्थ्याइतकीच कार्यक्रमपत्रिकेचीही निर्मिती असते.

कॅनूच्या बाबतीत तर स्त्रियांना दारच बंद होते. एका गुडघ्यावर राहून एकाच बाजूने वल्हवणे स्त्रीच्या शरीरास, विशेषतः तिच्या प्रजननक्षमतेस, अपायकारक आहे असा समज दीर्घकाळ पुढे केला जाई. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांच्या कॅनू शर्यतींना २०१० मध्ये अधिकृत स्थान मिळाले आणि ऑलिंपिकमध्ये त्या २०२१ साली भरलेल्या टोकियो स्पर्धेत प्रथम झाल्या. पुरुषांच्या पहिल्या ऑलिंपिक कॅनू शर्यतीस तेव्हा पंचाऐंशी वर्षे उलटली होती. २०१६ मध्ये पुरुषांच्या आठ व स्त्रियांच्या चार अशा शर्यती झाल्या; टोकियोत त्या सहा-सहा झाल्या व पॅरिसमध्ये पाच-पाच. एकूण संख्येस मर्यादा असल्याने ही समता पुरुषांच्या काही शर्यती वगळून साधली गेली, आणि ज्यांनी आपले आयुष्य त्या अंतरांसाठी घडवले होते त्यांना तिची किंमत द्यावी लागली. शिवाय संख्या समान झाली तरी अंतरे समान नाहीत. पॅरिसमध्ये पुरुषांची सी-१ शर्यत १,००० मीटरची, तर स्त्रियांची २०० मीटरची होती.

त्याच २०० मीटरच्या शर्यतीत कॅनडाच्या केटी व्हिन्सेंटने ४४.१२ सेकंदांत अमेरिकेच्या नेव्हिन हॅरिसनवर एक शतांश सेकंदाने मात केली. त्या वेगाने एक शतांश सेकंदात होडी साडेचार सेंटीमीटर पुढे सरकते. ज्या शर्यतीस स्त्रियांचे शरीर असमर्थ मानले गेले होते, तिच्यात दोन स्त्रियांमधील अंतर अवघ्या साडेचार सेंटीमीटरांवर आले.

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की या क्रीडाप्रकारातील प्रगती ही शरीर, साधन व नियम या तिघांची संयुक्त निष्पत्ती आहे. जलगतिशास्त्राचा घननियम कोणासाठी बदलत नाही. परंतु होडीची रुंदी, पात्याचा आकार, शर्यतींची अंतरे आणि प्रवेशाचा अधिकार हे सर्व मनुष्याने ठरवलेले असून मनुष्यानेच ते वेळोवेळी बदलले आहे. विजयपटावरील कोणतेही नाव वाचताना, त्या वर्षी स्पर्धेस कोण येऊ शकले नव्हते याची नोंद शेजारी ठेवणे अभ्यासकास आवश्यक आहे.