फोर्क ऑइल सील बदलणे

फोर्क ऑइल सील हे मोटारसायकलच्या पुढील चाकाला आधार देणाऱ्या नळ्यांमधील तेल बाहेर पडू न देणारे रबरी कडे आहे. ते झिजले किंवा फाटले की तेल नळीवरून ओघळू लागते, गाडीचे पुढचे टोक खड्ड्यांत आपटू लागते आणि तेल ब्रेकपर्यंत पोहोचल्यास गाडी थांबेनाशी होते. सीलची किंमत अल्प असते. परंतु ते बदलण्यासाठी पुढचे चाक काढून फोर्क उतरवावा लागतो. पुरेशी साधने असल्यास हे काम घरीही करता येते.

फोर्क या शब्दाचा मराठी अर्थ काटा असा असला तरी या भागाला कोणी काटा म्हणत नाही. महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये तो सर्रास 'शॉकअप' या नावाने ओळखला जातो.

रचना

आज प्रचलित असलेला फोर्क दुर्बिणीप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो. तेलाने दोलन शमवणारा असा फोर्क १९३५ मध्ये बी.एम.डब्ल्यू.च्या आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर आला आणि पुढे जगभर रूढ झाला. भारतात घरोघरी पोहोचलेल्या बजाज चेतक स्कूटरची पुढची रचना मात्र निराळी, एका बाजूच्या दांड्यावर आधारलेली होती. त्यामुळे पुढील विवेचन तिला लागू पडत नाही.

फोर्कला दोन पाय असतात. प्रत्येक पायात वरची नळी पोलादी असून तिच्यावर कठीण क्रोमचा गुळगुळीत थर असतो, हा 'पाईप'. तो ज्यात सरकतो ती खालची, बहुधा ॲल्युमिनियमची नळी म्हणजे 'बॉटम'. आत स्प्रिंग आणि तेल असते. स्प्रिंग धक्का झेलते, तर बारीक छिद्रांतून ढकलले जाणारे तेल तिच्या उसळीला आवर घालते. तेल नसलेला फोर्क एका खड्ड्यानंतर बराच वेळ वरखाली हेलकावत राहतो.

सील बॉटमच्या तोंडाशी घट्ट ठोकून बसवलेले असते. त्याच्या आतल्या कडेला पातळ ओठ असतो आणि त्याभोवतीची बारीक गोल स्प्रिंग तो ओठ पाईपवर दाबून धरते. सीलच्या वर तारेची सर्क्लिप आणि तिच्यावर धूळ अडवणारे डस्ट सील असते. काही गाड्यांत फोर्क उलटा बसवलेला असतो. तेथे क्रोमची नळी खाली असल्याने गळलेले तेल अधिक लवकर ब्रेकजवळ पोहोचते.

गळतीची कारणे

रबर वयोमानाने कडक होते, हे एक कारण झाले. परंतु पुष्कळदा दोष सीलचा नसून पाईपचा असतो. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या, विशेषतः कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेतील गाड्यांच्या क्रोमवर गंजाचे बारीक खळगे पडतात. उडालेल्या खड्यानेही टोचा पडतो. अशा खळग्याची धार प्रत्येक धक्क्यासरशी सीलचा ओठ खरवडते. पाईप तसाच ठेवून नवे सील घातले तर तेही थोड्याच दिवसांत गळते, आणि दोष मात्र विनाकारण सीलच्या दर्जाला दिला जातो.

कधी ओठाखाली केवळ मातीचा कण अडकलेला असतो. अशा वेळी डस्ट सील वर सरकवून, जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हची किंवा तितक्याच पातळ प्लॅस्टिकची पट्टी पाईप व सील यांच्यामध्ये घालून ती गोल फिरवल्यास कण निघून येतो. त्यानंतर पाईप पुसून गाडी काही अंतर चालवावी. तेल पुन्हा दिसले नाही तर सील बदलण्याचे कारण उरत नाही.

पद्धत

कामापूर्वी त्या मॉडेलच्या सेवा-पुस्तिकेतून तेलाचा प्रकार, प्रत्येक पायातील प्रमाण आणि बोल्ट आवळण्याचे माप पाहून ठेवावे. एका पायाचे सील गळत असले तरी दोन्ही बदलणे इष्ट होय. दोन्हींचे आयुष्य सारखेच झालेले असते आणि दोन्ही पायांत तेल सारखे असावे लागते.

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन इंजिनखाली भक्कम ठोकळा देतात व पुढचे चाक अधांतरी करतात. ती डळमळत असेल तर पुढे जाऊ नये. डिस्क ब्रेकचा कॅलिपर काढून तारेने टांगावा, होजवर लोंबकळत ठेवू नये. डिस्क निघालेली असताना ब्रेकचा दांडा दाबू नये. चाक व मडगार्ड काढल्यावर फोर्क गाडीवर असतानाच दोन गोष्टी उरकाव्यात. पहिली, बॉटमच्या तळाचा ॲलन बोल्ट किंचित सैल करणे. हा बोल्ट आतल्या दांड्यात बसतो आणि स्प्रिंगचा दाब नसला की दांड्यासकट नुसता फिरत राहतो. स्प्रिंग आधी काढून बसणाऱ्याचा येथे हमखास खोळंबा होतो. दुसरी, वरच्या प्लेटचा पकडबोल्ट सैल करून पाईपच्या माथ्याची टोपी ढिली करणे. खालची पकड अजून घट्ट असल्याने पाईप फिरत नाही. पाईप प्लेटच्या वर किती आला आहे तेही मोजून ठेवावे.

पाय उतरवल्यावर टोपी सावकाश उघडतात. स्प्रिंग तिला जोराने उडवू शकते, म्हणून चेहरा बाजूला ठेवावा. तेल ओतून तळाचा बोल्ट काढला, डस्ट सील व सर्क्लिप काढली की पाईप ओढून बाहेर काढता येतो. ज्या फोर्कमध्ये बुश असतात तेथे पाईप झटके देऊन ओढल्यावर सीलही बरोबर येते. इतरत्र ते बॉटमच्या कडेखाली लाकूड किंवा कापड ठेवून उचकटावे लागते. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडल्यास नव्या सीलच्या बाहेरच्या कडेनेही तेल झिरपते.

आता पाईपवरून नख फिरवावे. किरकोळ खरखर असेल तर १५०० ते २००० क्रमांकाच्या तेल लावलेल्या पॉलिश पेपरने, उभे न घासता आडवे गोल घासावे. नख अडकण्याइतका खळगा असेल किंवा सपाट काचेवर लोळवताना पाईप वाकडा आढळला, तर तो बदलणेच योग्य.

नव्या सीलची बारीक स्प्रिंग दिसणारी बाजू तेलाकडे, म्हणजे साध्या फोर्कमध्ये खाली ठेवतात. सील पाईपवरून घालायचे असल्यास पाईपच्या धारदार टोकावर प्लॅस्टिकची पिशवी ओढून तीवर फोर्क तेल लावतात, म्हणजे ओठ कापला जात नाही. ठोकण्यासाठी योग्य व्यासाचा पी.व्ही.सी. नळीचा तुकडा पुरतो. मध्ये जुने सील ठेवले तर नव्याला इजा होत नाही. सर्क्लिपची खाच पूर्ण उघडी दिसेपर्यंत ते सरळ खाली जायला हवे. तळाच्या बोल्टला नवा तांब्याचा वॉशर लावावा, एरवी वरची गळती थांबून खालची सुरू होते.

तेल भरून पाईप अनेकदा वरखाली करतात, म्हणजे अडकलेली हवा निघते. बहुतेक मॉडेलांत तेलाची पातळी स्प्रिंग न घालता पाईप पूर्ण दाबून, वरच्या काठापासून मोजतात. जोडणीच्या शेवटी आसाचा पकडबोल्ट आवळण्यापूर्वी गाडी जमिनीवर घेऊन फोर्क काही वेळा दाबावा. त्याने दोन्ही पाय समांतर बसतात. गाडी हलवण्याआधी ब्रेकचा दांडा कडक लागेपर्यंत दाबणे अत्यावश्यक आहे, कारण पहिल्या दाबाला तो रिकामा जाऊ शकतो.

ब्रेकवर तेल गेले असल्यास

डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ होते. तेल शोषलेले पॅड मात्र घासून किंवा तापवून पूर्ववत होतील यावर भरवसा ठेवू नये, ते बदलावेत. ड्रम ब्रेक बंदिस्त असल्याने त्यात तेल सहसा शिरत नाही, तरी चाक निघालेलेच असते तेव्हा लायनर पाहून घेणे सोयीचे.

कार्ट्रिज प्रकारच्या आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या फोर्कला खास साधने लागतात, त्यामुळे त्यांचे काम घरी करण्याजोगे नाही. निघालेले तेल गटारात वा मातीत न ओतता बंद डब्यात साठवून, जुने इंजिन तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये देतात.