संकेतस्थळ आपले, किल्ली कुणाकडे?

आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ काढायचे ठरले, तेव्हा आम्हा सर्वांनाच आनंद झाला होता. वस्तीतली मुले शिष्यवृत्तीच्या अर्जांची माहिती विचारायला येत. ती एका ठिकाणी मिळावी आणि जुन्या स्मरणिकांतील लेख जतन व्हावेत, एवढाच हेतू होता. ओळखीतला एक होतकरू वेब डेव्हलपर मिळाला. वर्गणी काढून त्याला आगाऊ रक्कम दिली. 'आपलाच मुलगा आहे, करार कशाला?' असे आम्हीच म्हणालो.

चूक इथेच झाली. काय हवे ते आम्ही लिहून दिले नाही. तो पाच पानांचे काम समजत होता, आम्ही दर रविवारच्या बैठकीत एक पान वाढवीत होतो. एकाला निळा रंग हवा, दुसऱ्याला अध्यक्षांचा फोटो मोठा हवा. वाढीव पैसे मागितले की 'समाजाचे काम आहे' असे आम्ही ऐकवायचो. हळूहळू त्याने फोन उचलणे सोडले. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला आणि एके दिवशी संकेतस्थळच उघडेना. डोमेनची मुदत संपली होती. सूचना त्याच्या ई-मेलवर गेली होती, कारण नोंदणी त्याच्याच नावावर होती! लेखांची दुसरी प्रत आमच्यापैकी एकाकडेही नव्हती.

दोष एकट्या त्याचा आहे काय? मुळीच नाही. घामाचे दाम मागण्याचा हक्क आपण व्यासपीठावरून ठासून सांगतो. मग रात्र रात्र संगणकापुढे बसणाऱ्या आपल्याच मुलाचे श्रम फुकट कसे? तोही कामगारच आहे.

मात्र पैसे मोजले म्हणजे मालकी आली, हाही भ्रम आहे. डोमेन कायमचे विकत मिळत नाही, ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवले जाते. ज्याच्या नावावर नोंद, त्याच्या हाती ताबा. होस्टिंग ही भाड्याची जागा आहे, भाडे थकले की सामान बाहेर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. पण बाहेरून करून घेतलेल्या प्रोग्रामचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे तो लिहिणाऱ्याकडेच राहतो. तो संस्थेकडे यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी हस्तांतर लागते. तोंडी विश्वास तिथे चालत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. डोमेन व होस्टिंग संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ई-मेलवर घ्या. पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींकडे ठेवा. कामाची यादी, मुदत आणि मोबदल्याचे टप्पे कागदावर आणा. वाढीव कामाचे वाढीव पैसे द्या. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या, नाहीतर जुन्या फॉन्टमधील मराठी दुसऱ्या संगणकावर नुसती अगम्य चिन्हे दिसते. दर महिन्याला संपूर्ण प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्या.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू केले. पुढे स्वतःचा छापखानाही उभारला. आपला आवाज दुसऱ्याच्या मर्जीवर टांगता ठेवू नये, हे त्यांनी कृतीतून दाखवले. आज साधन बदलले, धडा तोच आहे. आम्ही तो वर्गणी गमावून शिकलो. तुम्ही तरी आधी शिका!