वेगवान मोटार देऊन सुखकर मोटार घेताना

जमिनीला लगटून धावणारी, वळणावर रस्ता घट्ट धरून ठेवणारी स्पोर्ट्‌स मोटार विकावी आणि तिच्या जागी उंच, प्रशस्त, धक्के न जाणवू देणारी एसयूव्ही मोटार घ्यावी, हा व्यवहार आज जगात अनेक ठिकाणी होत आहे. कोणाचे गुडघे खालच्या आसनावरून उठताना कुरकुरू लागलेले असतात; कोणास घरातील मुले व वृद्ध यांची सोय पाहावयाची असते; तर कोणास रस्त्यावरील खड्ड्यांनी हैराण केलेले असते. हा प्रश्न केवळ आवडीचा व पैशाचा आहे, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः ही यंत्रशास्त्रातील एक अदलाबदल आहे. तीत काय मिळते आणि काय गमवावे लागते याचा हिशेब शालेय पदार्थविज्ञानाच्या नियमांनी मांडता येतो. हा हिशेब मांडणे अगत्याचेही आहे. कारण या सुखाच्या किमतीचा काही भाग मोटारीत न बसलेल्या माणसांना भरावा लागतो.

एकाच कारखानदाराच्या दोन मोटारी

जर्मनीतील पोर्शे कंपनीचे नाव दीर्घकाळ स्पोर्ट्‌स मोटारींशीच निगडित होते. तिची ‘९११’ ही मोटार १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. २००२ मध्ये याच कंपनीने पॅरिसच्या प्रदर्शनात ‘केयेन’ ही एसयूव्ही मोटार पुढे आणली. एकाच कारखानदाराने, एकाच काळात, दोन भिन्न हेतूंनी बनविलेल्या या मोटारी तुलनेस फार सोयीच्या आहेत.

त्या वेळच्या ९११ ची उंची सुमारे १.३ मीटर आणि वजन सुमारे १,३५० कि.ग्रॅ. होते. केयेनच्या ‘एस’ प्रकाराची उंची सुमारे १.७ मीटर आणि वजन सुमारे २,२५० कि.ग्रॅ. होते. दोहोंच्या एंजिनांची शक्ती जवळजवळ सारखीच, म्हणजे अनुक्रमे ३२० व ३४० अश्वशक्ती होती. तरीही स्थिर अवस्थेपासून ताशी १०० कि.मी. वेग गाठण्यास ९११ ला सुमारे ५ सेकंद आणि केयेनला सुमारे ७ सेकंद लागत. शक्ती तीच आणि वस्तुमान अधिक, म्हणून त्वरण कमी, हा न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचा सरळ परिणाम होय. मात्र हे दोन सेकंद म्हणजे या अदलाबदलीतील सर्वांत लहान रक्कम आहे. खरा जमाखर्च पुढेच आहे.

स्प्रिंगचे गणित

मोटारीचे सुख प्रथम स्प्रिंगवर अवलंबून असते. स्प्रिंगवर ठेवलेले वजन हलविले असता ते ठराविक गतीने वरखाली होऊ लागते. ही गती मोटारीच्या भाराखाली स्प्रिंग किती दबते यावरून ठरते. स्प्रिंग २५ सें.मी. दबली तर सेकंदास एक आंदोलन होते, ११ सें.मी. दबली तर दीड. आणि ६ सें.मी. दबली तर दोन. आरामासाठी बांधलेल्या मोटारींत ही संख्या सर्वसाधारणपणे १ ते १.५ असते. स्पोर्ट्‌स मोटारींत ती १.५ ते २ किंवा त्याहूनही अधिक ठेवतात. कारण ताठ स्प्रिंगमुळे मोटार वळणावर कलत नाही व सुकाणूस ताबडतोब प्रतिसाद देते.

आता मानवी शरीराचा विचार करू. बसलेल्या माणसास उभ्या दिशेने हादरे दिले असता सेकंदास ४ ते ८ या पट्ट्यातील कंप सर्वांत अधिक त्रास देतात. मानवी कंपनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकातही या पट्ट्यास विशेष महत्त्व दिलेले आहे. रस्त्यावर दर ५ मीटरांवर एक उंचवटा असेल आणि मोटार ताशी ९० कि.मी. वेगाने जात असेल, तर ती सेकंदास २५ मीटर अंतर कापते आणि प्रवाशास सेकंदास नेमके ५ धक्के बसतात. शोषक नसलेल्या आदर्श स्प्रिंगचे गणित केले तर असे दिसते, की सेकंदास १.२ आंदोलने करणारी मऊ स्प्रिंग अशा धक्क्याचा सुमारे ६ टक्के भाग वर जाऊ देते, तर सेकंदास २ आंदोलने करणारी ताठ स्प्रिंग सुमारे १९ टक्के भाग जाऊ देते. म्हणजे त्याच रस्त्यावर ताठ मोटारीतील प्रवाशास तिप्पट हादरा बसतो.

मऊ स्प्रिंगला वरखाली होण्यास जागा लागते. ज्या मोटारीच्या तळाखाली जेमतेम १० ते १२ सें.मी. मोकळीक आहे, तिला फार मऊ स्प्रिंग परवडत नाही. तिचा तळ रस्त्यास टेकेल. उंचीचा पहिला लाभ हा असा आहे. दुसरा लाभ टायरचा होय. त्या काळच्या ९११ च्या टायरची रबरी भिंत सुमारे १० सें.मी. होती, केयेनची सुमारे १४ सें.मी. होती. ही अधिक चार सेंटिमीटरांची हवा लहान खाचखळगे स्प्रिंगपर्यंत पोहोचण्यापूर्वीच गिळून टाकते.

तथापि, मऊ स्प्रिंग बसविली की सुख आपोआप मिळते असे नव्हे. मॉरिस ऑली हे इंग्रज अभियंते रोल्स-रॉइस कंपनीतील अनुभव घेऊन १९३० मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीत गेले. तेथे त्यांनी जागा बदलता येतील अशी वजने एका मोटारीस जोडली आणि प्रवाशांस कोणती रचना सुखाची वाटते हे तपासले. पुढची स्प्रिंग मागच्या स्प्रिंगपेक्षा मऊ असावी, असे त्यांस आढळले. पुढची चाके उंचवट्यावर आधी जातात व मागची नंतर. मागची बाजू किंचित जलद हलली तर ती पुढच्या बाजूस गाठते, आणि मोटार होडीसारखी पुढेमागे न झुलता सपाट वरखाली होते. १९३४ च्या मोटारींत आलेली पुढील चाकांची स्वतंत्र स्प्रिंगरचना ही या कामाचीच फलश्रुती होय.

उंच मोटारीस मात्र एक निराळी पीडा असते. एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले की मोटार आडवी झुलते, आणि प्रवासी जितका उंच बसलेला, तितके त्याचे डोके अधिक अंतर हेलकावते. हे झुलणे रोखण्यासाठी दोन्ही बाजूंची चाके पोलादी दांडीने जोडली, तर खड्ड्याचा धक्का पुन्हा प्रवाशापर्यंत पोहोचू लागतो. म्हणूनच उंच मोटार सुखकर असतेच असे नाही. ती सुखकर होऊ शकते, एवढेच म्हणता येते.

गुरुत्वमध्य किती उंचावर आहे?

उंचीचे सर्वांत गंभीर मोल वळणावर द्यावे लागते. मोटार उलटण्याची प्रवृत्ती मोजण्याचे एक सोपे मान आहे. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतरास गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागावे. येणारा अंक जितका मोठा, तितकी मोटार स्थिर. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेने २००१ च्या मोटारींपासून हेच मान वापरून उलटण्याच्या धोक्याची प्रतवारी देण्यास प्रारंभ केला. सामान्य मोटारींत हा अंक बहुधा १.३ ते १.५ असतो, एसयूव्ही व तत्सम उंच वाहनांत तो १.० ते १.३ असतो.

उदाहरणादाखल, चाकांमधील अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर असेल तर अंक १.५ येतो. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या साधारण एकपट असते. अशी मोटार वळणावर फार वेगाने गेली तर उलटण्यापूर्वीच घसरते. उंच मोटारीत चाकांमधील अंतर १.६५ मीटर व गुरुत्वमध्य ०.७ मीटरवर धरला तर अंक १.१८ येतो. तिच्याही बाबतीत घसरणे आधी व उलटणे नंतर. पण मधले अंतर थोडेच उरते. छपरावर १०० कि.ग्रॅ. सामान बांधले की २,२५० कि.ग्रॅ. वजनाच्या अशा मोटारीचा अंक १.१ वर येतो. घसरणारे चाक रस्त्याच्या कडेस, मऊ मातीत किंवा दगडास अडले तर उरलेसुरले अंतरही संपते. मोटारी उलटण्याचे बहुसंख्य प्रसंग असेच, काहीतरी अडल्यामुळे घडतात.

१९९७ मध्ये मर्सिडीज कंपनीची उंच बांध्याची ‘ए’ वर्गातील लहान मोटार स्वीडनमधील एका चाचणीत अडथळा चुकविताना उलटली. कंपनीने त्यानंतर तीत इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण सर्वांस देण्यास सुरुवात केली. या यंत्रणेत मोटार भलत्या दिशेने फिरू लागताच योग्य त्या एकाच चाकास आपोआप ब्रेक लागतो. अमेरिकेने २०१२ च्या मोटारींपासून ती सर्व हलक्या वाहनांत सक्तीची केली. उंच मोटार घेणाऱ्यास या यंत्रणेचे महत्त्व सर्वांत अधिक आहे.

गतिरोधकाची भूमिती

भारतात उंच मोटारीस पसंती मिळण्याचे एक कारण पुष्कळदा सांगितले जाते, ते म्हणजे गतिरोधक. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शिकेनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सें.मी. उंच व १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळखंडासारखा गोलाकार असावा. त्यावरून ताशी २५ कि.मी. वेगाने जाता यावे.

९११ च्या पुढील व मागील चाकांमध्ये २.३५ मीटर अंतर होते. असा गतिरोधक तिच्या तळाच्या मध्यावर आला असता चारही चाके त्याच्या उतारावरच असतात. त्यामुळे चाकांच्या पातळीपासून गतिरोधक केवळ ४ सें.मी. वर येतो. बुटकी मोटारही त्यावरून निर्वेधपणे जाते. परंतु एक मीटर रुंद व १५ सें.मी. उंच असा मनमानी ढिगारा बांधला, तर तो दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्णपणे मावतो आणि सर्वच्या सर्व १५ सें.मी. तळापर्यंत पोहोचतात. तात्पर्य, नागरिकांस उंच मोटार घ्यावयास लावणारा दोष पुष्कळदा मोटारीचा नसून रस्त्याचा असतो. रस्ता सुधारल्याने सायकलस्वार, रुग्णवाहिका व बस यांनाही लाभ होतो. मोटार बदलल्याने तो एकाच कुटुंबास होतो.

हवा आणि इंधन

उंची वाढली की वाऱ्यासमोर येणारे क्षेत्रफळही वाढते. ९११ सारख्या मोटारीचे हे क्षेत्रफळ सुमारे २ चौ.मी. व रोधगुणांक सुमारे ०.३० धरला, आणि केयेनसारख्या मोटारीचे २.८ चौ.मी. व ०.३९ धरला, तर ताशी १०० कि.मी. वेगास केवळ हवा बाजूस सारण्यासाठी पहिलीस सुमारे साडेदहा व दुसरीस सुमारे एकोणीस अश्वशक्ती लागते. ब्रेक लावताना उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी गतिज ऊर्जाही वजनाच्या प्रमाणात, म्हणजे तीनास पाच या प्रमाणात वाढते. विजेवर चालणाऱ्या मोटारी या ऊर्जेचा काही भाग परत मिळवितात. पण हवेचा रोध त्यांनाही चुकत नाही.

रस्त्यावरील इतर माणसे

मोटारीत बसलेल्यांस अधिक वजन संरक्षण देते, हे खरे आहे. १,३५० व २,२५० कि.ग्रॅ. वजनाच्या दोन मोटारी ताशी ५० कि.मी. वेगाने समोरासमोर आदळून एकत्र अडकल्या, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार दोन्ही जड मोटारीच्या दिशेने ताशी १२.५ कि.मी. वेगाने सरकतात. जड मोटारीच्या वेगात ३७.५ कि.मी. चा फरक पडतो, हलक्या मोटारीच्या वेगात ६२.५ कि.मी. चा. जड मोटारीतील प्रवाशाचा बचाव हा काही अंशी समोरच्या प्रवाशाच्या वाट्याचा आघात वाढवूनच झालेला असतो.

पादचाऱ्याची स्थिती याहूनही नाजूक असते. बुटक्या मोटारीचा पुढील भाग पायांवर आदळतो व माणूस उतरत्या बॉनेटवर कोसळतो. उंच, उभ्या तोंडाची मोटार छातीवर किंवा मुलांच्या डोक्यावर आदळते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बॉनेटची कड सुमारे १ मीटरहून उंच असलेल्या वाहनांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव बुटक्या व उतरत्या तोंडाच्या मोटारींपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक आढळला. उंचावर बसलेल्या चालकास दूरचे अधिक दिसते. परंतु बॉनेटच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल त्यास दिसत नाही.

निवड कशी करावी?

भारतात २०२२-२३ या वर्षात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक वाहने एसयूव्ही व तत्सम वर्गातील होती. म्हणून ही निवड आता थोड्या हौशी लोकांची राहिलेली नाही. गुडघेदुखीच्या रुग्णास किंवा कच्च्या रस्त्यावरून नित्य जाणाऱ्यास उंच मोटारीचे साहाय्य खरे आहे; ते त्याने घ्यावे. मात्र गरजेपुरतीच उंची व गरजेपुरतेच वजन घ्यावे. स्थैर्य नियंत्रणाची खात्री करून घ्यावी, छपरावर जड सामान बांधू नये, आणि मोटार सुरू करण्यापूर्वी तिच्यापुढे कोणी मूल नाही ना हे पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चालकाने आपली सवय बदलावी. स्पोर्ट्‌स मोटारीचा चालक प्रत्येक हादऱ्यावरून व कलण्यावरून वेग ओळखावयास शिकलेला असतो. सुखकर मोटार नेमके हेच इशारे त्याच्यापासून दडवून ठेवते. वेग तोच राहतो. केवळ त्याची जाणीव मंदावते. ज्याने मऊ आसन घेतले, त्याने वेगमापकाकडे अधिक वेळा पाहिले पाहिजे.