तयार आवाज, घडवलेला आवाज

कोल्हापूरच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक आवाजाची ओळख वर्गात होत नाही. ती होते बेंजो पार्टीतल्या ऑक्टोपॅडवर, वरातीतल्या कीबोर्डवर आणि विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर. त्यातलीच काही पुढे लॅपटॉपवर ट्रॅक बनवू लागतात. अडचण एवढीच, की बहुतेकांचं शिकणं तयार लूप जोडण्यापाशी थांबतं. आवाज मुळातून घडवणं, म्हणजे सिंथेसिस, राहूनच जातं. खरं तर त्यासाठी लागणारा कान या मुलखात कधीचा तयार आहे.

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक आवाजाचा प्रवास सिनेमातून सुरू झाला. 1954च्या ‘नागिन’मधली गाजलेली बीन पुंगीची नव्हती, कल्याणजींनी ती क्लाव्हायोलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली. 1969मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला गेला आणि गीता साराभाईंसारख्या संगीतकारांनी त्यावर प्रयोग केले. 1982मध्ये मुंबईचे चित्रपट-वादक चरणजित सिंग यांनी रोलंडची तीन यंत्रं वापरून दहा रागांची तबकडी काढली: सुरावटीला ज्युपिटर-8, खर्जाला टीबी-303, ठेक्याला टीआर-808. तबकडी फारशी खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच टीबी-303मधून ॲसिड हाउस जन्मलं, आणि 2010मध्ये ही तबकडी पुन्हा निघाल्यावर जगाचे कान टवकारले. टीबी-303मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. मींड कानात असलेल्या वादकाला ती नेमकी कशी वापरायची हे सांगावं लागलं नाही.

आज यंत्रं विकत घ्यायचीही गरज नाही. व्हायटल, सर्ज एक्सटी, व्हीसीव्ही रॅक ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. प्रश्न सुरुवात कुठून करायची हा.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्तीला घुमणाऱ्या हलगीपासून करावी. आवाज काळात कसा चढतो-उतरतो, याचे चार टप्पे सिंथमध्ये असतात: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. हलगीचा अटॅक जवळजवळ शून्य, सस्टेन नाहीच. सनईचा सस्टेन मात्र श्वास पुरेल तेवढा. हलगी घडवताना व्हाइट नॉइजचा एक अगदी छोटा तुकडा घ्यायचा, तो काडीचा चटका देतो. खाली साइन लहर ठेवायची, जिची पट्टी क्षणात उतरते. हलगी शेकोटीवर तापवली की कातडं ताणतं आणि आवाज चढतो; पडद्यावर तेच काम एक खुंटी फिरवून होतं.

दुसरा धडा जवळच मिरजेत आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची तार किंचित गोलाई दिलेल्या घोडीला घासत कंप पावते, म्हणून एकाच सुरातून वरचे स्वरांश एकामागून एक उमलतात. जवारी लावणारा कारागीर घोडी घासून हे उमलणं ताब्यात ठेवतो. सिंथमध्ये करवतीसारखी सॉटूथ लहर घ्या: 110 हर्ट्झच्या सुरात 220, 330, 440 असे सगळे स्वरांश भरलेले असतात. त्यावर अरुंद फिल्टर हळूहळू सरकवला की तेच स्वरांश एकेक करून पुढे येतात. जवारी ऐकलेल्याला फिल्टर समजायला वेळ लागत नाही.

तिसरा धडा पट्ट्यांचा. कीबोर्डवर सप्तक 12 समान भागांत वाटलेलं असतं. त्यातला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा. हा वाद इथे जुना आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 22 श्रुतींवर 1910मध्ये पुस्तक लिहिलं, त्यानंतर श्रुती-हार्मोनियमचे प्रयोगही झाले. तेव्हा पेटीच्या सुरपट्ट्या कानसाव्या लागत. आता मायक्रोट्यूनिंगच्या एका फायलीने काम भागतं. ही सोय असूनही बरेच सिंथवादक तिला हात लावत नाहीत.

राहिला खालचा आवाज. डॉल्बीच्या भिंतीपुढे छातीत घुमणारा 50 हर्ट्झचा ठोका मोबाइलच्या स्पीकरवर गायब होतो. म्हणून त्यात थोडी विकृती मिसळून वरचे स्वरांश आणावे लागतात. ठोका ऐकू येणं आणि खिडक्या थरथरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा कायद्याने आहेच. मिक्सिंग शिकणाऱ्याने कमी आवाजात ऐकून निर्णय घ्यावेत, कारण मोठ्या आवाजात कान लवकर थकतो.

बाहेरच्या सॅम्पल पॅकमधली ‘इंडियन पर्कशन’ जगभर सगळ्यांकडे एकच असते. नवशिक्याने पहिल्या वर्षी एकही लूप न घेता हलगी, सनई, तंबोरा आणि पेटी हे चार आवाज स्वतः घडवावेत. ते हुबेहूब जमणार नाहीत, आणि जिथे जमणार नाहीत तिथेच त्याचा स्वतःचा आवाज सापडायला सुरुवात होईल.