जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर सूज आणि दुखणे: घरी काय करावे, काय टाळावे

अक्कलदाढ कापून काढली असेल, मोडलेला जबडा प्लेट लावून जोडला असेल किंवा पुढे आलेला जबडा मागे बसवला असेल, तर घरी आल्यावर नातेवाईक बहुतेक एकच प्रश्न विचारतात: "डॉक्टर, काल चेहरा बरा दिसत होता, आज एवढा कसा सुजला?"

यात घाबरण्यासारखे सहसा काही नसते. हाड आणि त्याभोवतीचा भाग हाताळला गेला की दुरुस्तीसाठी तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि आजूबाजूला पाणी साठते. हे हळूहळू होते, त्यामुळे सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि मग उतरू लागते. अक्कलदाढेची सूज साधारण आठवड्याभरात बरीच कमी होते. जबड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत दोन-तीन आठवडे लागतात, थोडी सूज काही महिनेही राहू शकते. गालावरचा काळानिळा डाग मानेपर्यंत उतरून पिवळा पडला, तरी तेही बरे होण्याचेच लक्षण आहे.

तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरते आहे की वाढते आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. रोज सकाळी एकाच जागी उभे राहून चेहऱ्याचा मोबाईलवर फोटो काढा. फरक लक्षात येतो आणि डॉक्टरांना दाखवताही येतो.

पहिले दोन दिवस: थंड शेक

बर्फ रुमालात गुंडाळून गालावर १५ ते २० मिनिटे धरा, तेवढाच वेळ थांबा, पुन्हा धरा. जागे असताना असे करत राहा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. शस्त्रक्रियेनंतर ओठ आणि हनुवटी काही काळ बधिर असतात, त्यामुळे जास्त थंड किंवा गरम झाले तरी कळत नाही. म्हणून घड्याळ लावून शेका.

झोपताना दोन उशा घेऊन डोके उंच ठेवा. सपाट झोपल्याने सकाळी सूज जास्त वाटते.

दोन दिवसांनंतर: कोमट शेक

आता कोमट पाण्यात पिळलेले फडके १५-२० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. गरम शेक पहिल्या दिवशी घेऊ नका, त्याने सूज आणि रक्तस्राव दोन्ही वाढू शकतात. "सूज आली की शेकायचे" हा सल्ला घरोघरी मिळतो, पण इथे तो दोन दिवस लवकर पाळला जातो.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या

पहिले २४ तास गुळण्या, चूळ किंवा जोरात थुंकणे नको. जखमेवर रक्ताची गुठळी धरलेली असते, ती जखमेचे झाकण आहे. ती निघाली तर आतले हाड उघडे पडते आणि ठणका लागतो. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. प्रत्येक खाण्यानंतर हे पाणी तोंडात घेऊन मान हळूच इकडे-तिकडे वळवा आणि वाटीत सोडून द्या. स्ट्रॉने काही पिऊ नका.

खाणे

तांदळाची पेज, मुगाच्या डाळीचे गाळलेले कढण, नाचणीचे आंबील, पातळ गुरगुट्या भात, ताक, दूध. सगळे कोमट किंवा थंड. चिवडा, शेंगदाणे, तीळ, भाकरीचे तुकडे काही दिवस बाजूला ठेवा. दुखते म्हणून उपाशी राहिलात तर जखम भरायला वेळ लागेल.

घरातले इतर उपाय

- हळदीचे दूध: कोमट असेल तर प्यायला हरकत नाही. हळदीची पूड मात्र जखमेत दाबू नका.
- लवंगतेल: ताज्या जखमेवर नको, आतली त्वचा भाजते.
- आंबेहळद किंवा रक्तचंदनाचा लेप: बाहेरून टाके असतील तर अजिबात नको. टाके नसले तरी लेपाखाली त्वचा लाल झाली, गरम झाली तर दिसत नाही.
- अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीत धरणे: हिरडी भाजते, रक्तही वाढते.
- तंबाखू, मिश्री, विडी: जखम भरू देत नाहीत. हे दिवस सोडून देण्यासाठी चांगले आहेत.

औषधे

लिहून दिलेली वेदनाशामके ठरलेल्या वेळी घ्या, ठणका वाढेपर्यंत थांबू नका. दुकानातून आणखी एखादी गोळी आणू नका. नाव वेगळे असले तरी आतले औषध बऱ्याचदा तेच असते. मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटात अल्सर असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना सांगितले आहे ना, याची खात्री करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मधुमेह असेल तर साखर तपासत राहा. खाणे कमी झाले की औषधांचा डोस बदलावा लागू शकतो.

जबडा तारेने किंवा रबराने बांधला असेल तर

तार कापायची कात्री नेहमी हाताशी ठेवा आणि कधी, कुठे कापायची हे घरी जाण्यापूर्वीच विचारून घ्या. उलटी झाली तर लगेच बसून पुढे वाका, म्हणजे ती तोंडातून बाहेर येईल.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे?

- तिसऱ्या दिवसानंतर सूज किंवा दुखणे वाढू लागले
- ताप, थंडी, पू किंवा तोंडाला घाण वास
- कमी झालेला ठणका तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पुन्हा उसळून कानाकडे जाऊ लागला
- दाबून धरूनही रक्त थांबत नाही
- तोंड उघडणे दिवसेंदिवस कमी होत आहे

जिभेखाली किंवा गळ्याला कडक सूज, गिळता न येणे, लाळ गळणे, आवाज बदलणे किंवा श्वासाला त्रास यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. जंतुसंसर्ग गळ्यात उतरल्यास काही तासांत श्वासमार्ग बंद होऊ शकतो. रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा किंवा १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

एरवी पहिले तीन दिवस धीर धरा, थंड शेक घ्या, डोके उंच ठेवा. चौथ्या दिवशी सकाळचा फोटो आदल्या दिवशीच्या फोटोशी ताडून पाहा. सूज उतरत असेल तर असेच चालू द्या. वाढत असेल तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना गाठा.